खडकीकर, तुमच्या कमेंटला उत्तर : आइस हॉकी लोकांपर्यंत न्यायची तर खेळ कशाला बदलायचा?

खडकीकर, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल मनापासून थँक्स. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्यातल्या लोकांनी आइस हॉकी बघावी असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की टीव्हीवर पक (बॉलच्या जागी असते ती रबरी चकती) दिसतच नाही, सारख्या मारामाऱ्या चालतात, खेळ थंड आणि श्रीमंत देशांचा आहे, आणि ज्या खडकीने धनराज पिल्ले दिला तिथे मैदानी हॉकीलाच माणसं येत नाहीत तर हे बर्फाचं खूळ कशाला? वर एक उपायही दिलाय, प्रेक्षक हवेत ना, मग पक मोठा आणि रंगीत करा, नियम कमी करा.

उपायापासूनच सुरू करतो, कारण अमेरिकेत हे जवळपास करून झालंय. १९९६ मध्ये फॉक्स चॅनलने पकच्या आत इलेक्ट्रॉनिक्स बसवलं, टीव्हीवर पकभोवती निळसर चमक दिसायची आणि शॉट जोरात गेला की मागे लाल शेपूट. हेतू तुमचाच होता, नव्या माणसाला पक दिसावा. पण जे आधीपासून बघत होते ते वैतागले आणि १९९८ मध्ये ते बंदच झालं. माझ्या मते चूक अशी होती की नवा प्रेक्षक पकवर डोळे लावून बसला, आणि पकवर डोळे लावून हा खेळ कळत नाही.

मग बघायचं काय? पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबराची चकती, वजन साधारण १७० ग्रॅम, उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवतात. चांगला शॉट ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो, तिथे आपली नजर पुरणारच नाही. त्यापेक्षा माणसं बघा. गोली, म्हणजे गोलकीपर, कुठल्या बाजूला सरकतोय, डिफेन्सवाला मागे मागे स्केटिंग करताना कुणाकडे तोंड करून आहे, गोलसमोर कोण घुसून उभं राहिलंय. या तीन गोष्टी बघत राहिलात की पक कुठे असणार हे आपोआप कळायला लागतं. आणि तुम्ही हॉकी खेळलेले आहात, तुम्हाला तर हे फार लवकर जमेल! फक्त एक गोष्ट नवी वाटेल, ऑफसाइड. मैदानी हॉकीतून तो नव्वदच्या दशकात गेला, इथे अजून आहे, समोरच्या संघाच्या बाजूच्या निळ्या रेषेच्या आत पकच्या आधी आपला माणूस गेला की शिट्टी.

त्यातही मला सगळ्यात जास्त काय आवडतं तर खेळ चालू असतानाच होणारी अदलाबदल. बर्फावर एका संघाचे सहाच जण, गोली धरून, आणि एक खेळाडू सलग जेमतेम ४०-५० सेकंद खेळतो कारण तेवढ्यात पार दमतो इतका वेग असतो. मग तो बाकाकडे येतो, तो आत येतोय न येतोय तोच दुसरा कठडा ओलांडून बर्फावर, शिट्टी नाही, थांबणं नाही, काही नाही, आणि सहाच्या जागी सात झाले तर दोन मिनिटांची शिक्षा. दमलेले पाच जण स्वतःच्याच गोलसमोर अडकलेत, पक बाहेर निघत नाही म्हणून बाकापर्यंत जाता येत नाही, समोर ताज्या दमाचे पाच, हे एकदा कळलं ना की गोल झाला नाही तरी माणूस खुर्चीच्या टोकावर येतो.

शिक्षेचंही तसंच. एक जण दोन मिनिटं बाहेर म्हणजे आपले एकाने कमी, आणि हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही, कबड्डीत गडी बाद होऊन तीनच उरल्यावर आपण कसे श्वास रोखून बघतो तेच इथे.

मारामारीचं म्हणाल तर मलाही ती आवडत नाही. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, मारामारी करणाऱ्याला पाच मिनिटं बाहेर बसवतात, ऑलिम्पिकमध्ये तर मॅचमधूनच हाकलतात, आणि एनएचएलमध्येही गेल्या काही दशकांत ती बरीच कमी झालीये. यूट्यूबवर मात्र तेच क्लिप वर येतात, त्यामुळे न बघणाऱ्याला वाटतं की हाच खेळ आहे.

आता लोक कशाने येतात? माझ्या डोळ्यासमोर एकच उदाहरण आहे आणि ते मी सोडणार नाही. कॅनडात सीबीसी या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने २००८ मध्ये हॉकीची कॉमेंट्री पंजाबीत सुरू केली. पक तोच, नियम तेच, फक्त भाषा घरची. ज्या घरात नातवंडं शाळेतून हॉकी शिकून यायची आणि आजी-आजोबांना त्यातलं अक्षर कळायचं नाही, तिथे सगळे एकत्र बसून बघायला लागले. एनएचएलच्या २०१६ च्या फायनलमध्ये पिट्सबर्ग संघाच्या निक बोनिनोने गोल मारला आणि पंजाबी कॉमेंटेटर हरनारायण सिंग यांनी त्याचं नाव एका दमात इतक्यांदा घेतलं की ती क्लिप जगभर गाजली, आणि कप जिंकल्यावर त्या संघाने या पंजाबी टीमला आपल्या जल्लोषात बोलावून घेतलं!

‘थंड आणि श्रीमंत देशांचा खेळ’ हे मात्र लडाखच्या पोरींसमोर म्हणू नका. लेहमध्ये साडेतीन हजार मीटरवर गोठलेल्या तळ्यांवर लोक खेळतात, सुरुवातीच्या काळात लष्करी बुटांखाली लोखंडी पाती ठोकून खेळायचे. भारताची महिला टीम, बहुतेक लडाखीच, २०१६ मध्ये पहिल्यांदा बाहेर खेळली आणि २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय मिळवला. आपल्यापैकी किती जणांनी ती मॅच बघितली? साहित्य महाग आहे हा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, गोलीचं तर फारच, ते एकेकाने विकत न घेता क्लबने सामायिक ठेवावं लागेल.

पुण्यात काय करता येईल ते सांगतो. इथे सोसायट्या-सोसायट्यांत मुलं स्केटिंगच्या क्लासला जातात, चार-पाच वर्षं शिकतात आणि दहावी आली की सोडतात. त्यांच्या हातात स्टिक आणि हलका बॉल द्या, बर्फ लागतच नाही. दुसरं, कॅनडातली शनिवार रात्रीची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला लागते आणि तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरची सकाळी साडेआठला, म्हणजे ऐन मिसळीच्या वेळेला. एखाद्या मिसळवाल्याने स्क्रीन लावला आणि बाजूला बसून कुणी मराठीत समजावत गेलं तर तीन आठवड्यांत वीस माणसं पक्की होतील असं मला मनापासून वाटतं. आणि तिसरं, लेहमधल्या खेलो इंडियाच्या मॅचेसना मराठी कॉमेंट्री, त्याला एक लॅपटॉप आणि खेळ कळणारी दोन माणसं पुरतात.

राहिला खडकीचा प्रश्न. मैदानी हॉकीचा प्रेक्षक आम्ही पळवणार नाही हो, तुम्हीच म्हणताय तो येत नाही. उलट स्टिक हातात धरलेल्या मुलांची संख्या वाढली तर त्यातली काही तुमच्या टर्फवरही येतील. तुम्ही स्टिकवर्क शिकवा, स्केटिंगवाली मुलं मी गोळा करतो, पालकांशीही मीच बोलतो. तुमच्याकडे जुन्या स्टिक पडून असतील तर किती आहेत आणि कुठल्या मापाच्या ते खाली कळवा, लहान मापाच्या आधी लागतील.