सडा विकला गेलेला नाही

"खाणीत 100 टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी, म्हणजे पाटणचे सडे आता परदेशी कंपन्यांचे," असा मेसेज गावोगावी फिरतोय. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार. काल आमच्या आळीतल्या एक आजी पिशवीत सातबारा घेऊनच आल्या. "बाळा, माझं नाव कमी झालं का रं?"

नाही झालेलं. 100 टक्के हा आकडा कंपनीच्या भांडवलाचा आहे, जमिनीचा नव्हे. 1957 च्या खाण कायद्यानुसार बॉक्साइटचा (सड्यावरच्या, ॲल्युमिनियम देणाऱ्या खनिजाचा) खाणपट्टा, म्हणजे ठरावीक काळ खनिज काढायचा हक्क, भारतीय नागरिकाला किंवा भारतात नोंदलेल्या कंपनीलाच मिळतो. तोही 2015 पासून 50 वर्षांच्या मुदतीनं आणि सहसा लिलावातून. काढलेल्या खनिजावरचं स्वामित्वधन (रॉयल्टी) राज्य सरकारकडे जातं.

लोकांची भीती मात्र खोटी नाही. सड्याचा तो तांबडा, भोकाभोकांचा दगड बघा. पावसाचं पाणी त्यातूनच मुरतं आणि उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना येतं. सडा खणला तर झऱ्यांचं काय, हे विचारायलाच हवं, पैसा देशी असो वा परदेशी. खाणीमुळे जमीनधारकाचं नुकसान झालं, तर भरपाईचा हक्क याच कायद्याच्या कलम 24अ मध्ये आहे. मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. आजींना ते कलम मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, सातबाऱ्यालाच टाचून.