पॅकिंग? बसतंय की!

इंजिन मोठं करायला घेतलं की सगळं कौतुक पिस्टनच्या वाट्याला जातं. पिस्टन हातात घेऊन मिरवता येतो, टीव्हीशेजारी ठेवला तर पाहुणेही विचारतात. सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्याचं झाकण म्हणजे हेड, या दोघांच्या मध्ये बसणाऱ्या हेड गॅस्केटला कोण विचारतो? गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला भोकाभोकांचा पत्रा, नाव ‘पॅकिंग’. आंब्याच्या पेटीत गवत घालतात तेही पॅकिंगच. त्यामुळे खरेदीच्या यादीत ते सगळ्यात शेवटी येतं, आणि तेही ‘एक नग’ एवढंच लिहून.

आपल्याकडे हे वेड बहुधा जिप्सीवर निघतं, म्हणून तीच धरू. तिच्या जी-१३ इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५.५ मिमी, एकूण १२९८ सीसी. ७५ मिमीचे पिस्टन घातले की होतात १३३४. चार सिलिंडरांत मिळून वाढ पस्तीस-छत्तीस सीसी, म्हणजे पुरता कटिंग चहासुद्धा नाही. आता या अर्ध्या कटिंगसाठी पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभं राहायचं.

“हेड पॅकिंग द्या, जिप्सीचं.”

“मॉडेल?”

“किंग. पण बोअर पंच्याहत्तर.”

“पंच्याहत्तरची जिप्सी नसते हो दादा. पंच्याऐंशीला आली ती.”

माणूस चुकत नाही, जिप्सी १९८५ चीच. दुकानदाराच्या जगात पॅकिंग मॉडेलवरून ओळखतात. तुमच्या जगात ते आता बोअरवरून ओळखायचं असतं, आणि या दोन जगांमध्ये एक मिलिमीटरचं अंतर आहे. ते बुजवायला कारागीर एकच वाक्य वापरतो: “बसतंय की!”

बसतंच. तीच तर फसगत आहे. समजा कंपनीच्या पॅकिंगचं भोक ७५.२ मिमी भरलं. ब्लॉकवर ठेवलं की पाण्याची भोकं जुळतात, बोल्टची जुळतात, पिस्टनही पूर्ण दिसतो. पण प्रत्येक बाजूला मोकळीक उरली ०.१ मिमी, जेमतेम केसाएवढी. डॉवेलमध्ये, म्हणजे जागा धरून ठेवणाऱ्या खुंट्यांत, पॅकिंग जरा सरकतं, आवळल्यावर कडेची स्टीलची रिंग थोडी दबून पसरते, आणि केस संपतो. रिंगची कड सिलिंडरच्या आत डोकावायला लागते. आत डोकावणाऱ्या पत्र्याला पाठीमागून गारवा मिळत नाही. तो निखाऱ्यासारखा लाल होतो आणि प्लगची ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवून देतो. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून हा स्फोट, मग त्या टीव्हीशेजारच्या पिस्टनला भोक पडायला एक घाट पुरतो.

म्हणून काहीजण उलट टोक गाठतात आणि मोठ्यात मोठं भोक मागवतात. इथं दुसरं दुखणं. बोअर १ मिमी वाढवला की दोन सिलिंडरांमधली भिंत १ मिमी बारीक होते, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा. चुलत भावांच्या घरांतली सामाईक भिंतच ती. दोघांनीही आपापली खोली वाढवली, तर खुंटी ठोकायला जागा राहत नाही. पॅकिंगच्या दोन रिंगा याच पट्टीवर शेजारी बसायच्या असतात, आणि पॅकिंग उडतं तेही बहुधा इथंच. ओळखायची खूण म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासताना शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले दिसतात. शिवाय मोठ्या भोकामुळे रिंगपाशी जी अरुंद फट उरते तिच्यात मिश्रण लपून बसतं आणि न जळताच बाहेर पडतं.

माझा हिशेब साधा आहे: पॅकिंगचं भोक म्हणजे होनिंग (सिलिंडरची शेवटची घासाई) झाल्यानंतर भरलेला बोअर अधिक १ मिमी. ७५ ला ७६. होनिंगही टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी लावायची जाड पाटी, आवळून झालेलं हवं, कारण हेडचे बोल्ट ताणले की गोल बोअर गोल राहत नाही. आणि नुसता ब्लॉक बघून भागत नाही. हेडचा चेंबर, म्हणजे मिश्रण जळतं तो खळगा, कुणी घासून रुंद केला असेल, तर रिंगला खालून आधार आणि वरून हवा अशी अवस्था होते. हेडला निळा मार्कर फासा, डॉवेलवर पॅकिंग ठेवा, सुईनं भोकाची रेघ ओढा. चेंबरची कड रेघेच्या आत राहिली पाहिजे, सगळीकडे.

आता जाडी. इथं प्रत्येक माणूस वैद्य असतो. “नॉकिंग होतंय? जाड पॅकिंग घाल,” हे हळद-दूध घे म्हटल्यासारखं सांगतात. नॉकिंग म्हणजे मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटून होणारी ठकठक, आणि जाड पॅकिंगनं कॉम्प्रेशन उतरून ती थांबते असा हिशेब. थोडं गणित करू. समजा हेडचा चेंबर ३२ सीसी, पिस्टन सपाट आणि वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीखाली ०.२ मिमी. ७४ चा बोअर, ७५ भोकाचं आणि आवळल्यावर १.२ मिमी जाड पॅकिंग, तर कॉम्प्रेशन ९.५, म्हणजे मिश्रण साडेनऊ पट दाबलं जातं. बोअर ७५ करून ७६ भोकाचं तेवढ्याच जाडीचं पॅकिंग घातलं तर ९.७. म्हणजे पॅकिंगची जाडी तशीच ठेवूनही नुसत्या बोअरनं कॉम्प्रेशन चढलं. तेच पॅकिंग ०.७ मिमीचं केलं तर सरळ १०.२५. अर्ध्या मिलिमीटरचा हा प्रताप.

मग १.२ च घालावं, शहाणपणाचं वाटतं. पण पिस्टनची सपाट कड आणि हेडचा सपाट भाग यांच्यातल्या फटीचं काय? पॅकिंगची जाडी अधिक ते ०.२, म्हणजे १.४ मिमी. पिस्टन वर येताना याच फटीतून मिश्रण पिळून प्लगकडे ढकललं जातं, ते घुसळलं जातं आणि लवकर जळतं. फट ०.९ ते १ मिमीच्या आसपास असेल तर हे काम झकास होतं. १.४ ला मिश्रण कोपऱ्यात सुस्तावून पडतं आणि उशिरा आपोआप पेटतं, म्हणजे नॉकिंगच. जाड पॅकिंगनं नॉकिंग वाढवून घेतलेली इंजिनं कमी नाहीत. कॉम्प्रेशन उतरवायचं तर पिस्टनच्या माथ्यातून किंवा चेंबरमधून उतरवा. फट मात्र राखा. पण ०.८ च्या खाली जाऊ नका. वरच्या आरपीएमला रॉड ताणतो आणि पिस्टन हेडला टाळी देतो.

कागदावरच्या फटीवर माझा विश्वास नाही. सोल्डरची जाड, मऊ तार घ्यायची, दोन तुकडे करून पिस्टनच्या कडेला गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) रेषेत ग्रीसनं चिकटवायचे. दुसरीकडे लावले तर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. खिळ्यावरचं जुनं, आधीच दबलेलं पॅकिंग टाकून हेड आवळायचं, क्रँक हातानं एक फेरा फिरवायचा, हेड उतरवून चपटी झालेली तार मायक्रोमीटरनं मोजायची. जुन्या-नव्या पॅकिंगच्या जाडीतला फरक वजा-अधिक केला की खरी फट हातात. पॅकिंगची जाडी आता ठरवायची, आणि ऑर्डर त्यानंतर. बहुतेक लोक पॅकिंग आधी आणतात आणि मग इंजिन त्याच्या मापाचं निघावं म्हणून देवाला हात जोडतात.

प्रकार तीन. साधं कंपोझिट, म्हणजे ग्राफाइट किंवा फायबरचं, खडबडीतपणा पोटात घेतं. बिनटर्बोच्या साध्या इंजिनाला ते पुरतं, फक्त तुमच्या बोअरचं मिळायला हवं. स्प्रिंग स्टीलच्या पत्र्यांच्या थरांचं एमएलएस (मल्टी-लेयर स्टील) हव्या त्या बोअरचं, हव्या त्या जाडीचं बनवून मिळतं आणि ताकदीचं असतं, पण त्याचे नखरे जावयासारखे. पृष्ठभाग ५० मायक्रोइंच आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप) किंवा त्याहून गुळगुळीत लागतो. तांबं फक्त शर्यतीला. ते दाब रोखतं, पाणी रोखायचा कंटाळा करतं.

या नखऱ्यांत जी-१३ ची स्वतःची एक भर आहे. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, बिडाचे. फेस मारताना, म्हणजे ब्लॉकचा माथा मशीनवर सपाट करताना, अॅल्युमिनियम लोण्यासारखं कापलं जातं आणि बीड अडतं. कटर बोथट असेल तर लायनरच्या कडेला पायरी राहते. डोळ्याला दिसत नाही. अंगठ्याचं नख लायनरवरून बाहेर सरकवा. नख अडखळलं तर ब्लॉक परत मशीनवर, मग तो उद्यमनगरातला कितीही नामांकित हात असो. सपाटी सरळपट्टी आणि फिलर गेजनं बघा: ०.०५ मिमीचं पातं खाली शिरता कामा नये. आणि जुनं पॅकिंग खरवडायला ग्राइंडरवर खरखरीत चकती लावणाऱ्याच्या हातून ग्राइंडर काढून घ्या. ती अॅल्युमिनियममध्ये खड्डे पाडते आणि तिची भुकटी तेलातून थेट बेअरिंगला जाते.

बसवताना एमएलएस कोरडं. शेलॅक नाही, सिलिकॉन नाही, “जरासं कडेला” हेही नाही. पॅकिंगवरची पाण्याची भोकं ब्लॉकपेक्षा बारीक दिसली तर पंच घेऊन धावू नका. कुठल्या सिलिंडरला किती पाणी द्यायचं ते त्या भोकांवरच ठरलेलं असतं. बोल्टच्या ज्या भोकांना खाली बूड आहे ती हवेनं फुंकून कोरडी करा. तळाशी चमचाभर पाणी किंवा तेल राहिलं, तर बोल्ट त्यावर दाबला जातो, टॉर्क रेंच खुशाल ‘टक्’ करतो, आणि हेड आवळलेलंच नसतं. कधी ब्लॉकच तडकतो. बोल्ट आवळायचे मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या आकड्याला.

पहिल्यांदा चालू करताना इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून ठेवा आणि आत बघा. सुरुवातीला गुडगुड होईल, ती भरताना अडकलेली हवा. थर्मोस्टॅट उघडला की संपते. अॅक्सिलरेटर दिला की सोड्यासारखे बारीक बुडबुडे येत राहिले आणि थांबेनात, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात येतोय. अशा वेळी मागून कुणीतरी वाकून बघतो आणि म्हणतो, “थोडंच सोडतंय, चालल्यावर बसेल की!” इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, बोल्ट कडेकडून मध्याकडे सोडा. निघालेलं पॅकिंग खिळ्याला टांगा. पुढच्या वेळी तारेचं माप घ्यायला लागेल.