अर्ज न वाचणारे राज्य

आज सकाळी एका परिचितांनी आमच्या गटावर लिहिले की, अमेरिकेची क्रांती म्हणजे चहावरचा तीन पेन्सांचा कर चुकवण्यासाठी व्यापाऱ्यांनी घडवून आणलेला दंगा होता, आणि सरकारने दर कमी केले तरी ओरडणारे लोक प्रत्येक काळात असतातच. हे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. आपल्या गावाचा कारभार आपल्याला विचारून चालावा असे मानणारी आपण माणसे आहोत, त्यामुळे हे वाक्य मला का झोंबले, ते तुम्हांला वेगळे सांगायला नको.

पहिली गोष्ट म्हणजे, इंग्लंडच्या पार्लमेंटने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींसाठी केलेल्या १७७३ च्या चहाच्या कायद्याने चहा महाग झाला नव्हता, तो स्वस्त झाला होता. लंडनच्या गोदामांत ईस्ट इंडिया कंपनीचा चहा पडून होता, कंपनी बुडायला आली होती, म्हणून पार्लमेंटने तिला इंग्लंडमधला कर परत देऊन थेट अमेरिकेत माल विकण्याची मुभा दिली. फक्त अमेरिकेत उतरवताना द्यावा लागणारा, पौंडामागे तीन पेन्सांचा कर मात्र जाणूनबुजून तसाच ठेवला. चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहालाही टक्कर देईल असा चहा दाराशी येत असताना लोकांनी तो नाकारला. आता हे लोक पैशासाठी भांडत होते असे कसे म्हणायचे?

मला हे पुस्तकांतून कळण्याच्या कितीतरी आधी आमच्या अण्णांमुळे कळले होते. आमच्या गावात पाटाच्या पाण्याची पाळी गाव ठरवत असे आणि पाटकरीही गावच नेमत असे. एका वर्षी एका सरकारी कार्यालयाने पाणीपट्टी कमी केल्याचे कळवले आणि त्याच कागदात, यापुढे पाळी कार्यालय ठरवील आणि पाटकरी कार्यालयाचा असेल, असेही लिहिले. गावाने अर्ज केला. अण्णा तो घेऊन गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी आश्चर्याने विचारले की, पट्टी तर कमी केली आहे, मग आता तक्रार कसली? अण्णा म्हणाले, "पट्टीचं राहू द्या साहेब, पाळी कोण ठरवणार तेवढं सांगा." मी लहान होतो, अण्णांचा हात धरून उभा होतो आणि त्या प्रश्नावर साहेबांनी नजर दुसरीकडे वळवलेली मला स्पष्ट आठवते.

अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या लोकांनी दहा वर्षे हाच प्रश्न विचारला. १७६५ मध्ये मुद्रांकाचा कायदा आला. वर्तमानपत्रे, न्यायालयातील कागद, परवाने, अगदी खेळायचे पत्तेसुद्धा मुद्रांकाखाली आले. या लोकांना कर देणे ठाऊक नव्हते असे नाही. तिथल्या वसाहतींच्या निवडलेल्या सभा स्वतः कर बसवत होत्या आणि लोक तो भरत होते. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही त्याने आपल्या खिशात हात घालायचा, ही त्यांची तक्रार होती. विरोध झाला, इंग्रज व्यापाऱ्यांचा माल खपेनासा झाला, आणि १७६६ मध्ये कायदा रद्द करावा लागला. पण त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून जाहीर केले की, वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून ठेवणारे कायदे करण्याचा आम्हांला पूर्ण अधिकार आहे. कर मागे घेतला आणि पाळी मात्र आपल्याकडे ठेवली.

इंग्लंडचा अर्थमंत्री टाउनशेंड याने १७६७ मध्ये आणलेल्या करांबद्दल आपल्याकडे फार बोलले जात नाही, याचे मला वाईट वाटते, कारण खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर बसवलेल्या या करांतून जमणाऱ्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार देण्याची सोय केलेली होती. तोवर हे पगार बहुतेक ठिकाणी स्थानिक सभा मंजूर करत, त्यामुळे गव्हर्नरला त्या सभेचे ऐकून घ्यावे लागत असे. लोकांच्याच पैशातून पगार द्यायचा, पण तो लोकांच्या हातून द्यायचा नाही, म्हणजे न्यायाधीश कोणाकडे पाहून निकाल देणार, हे सांगायला विद्वान लागत नाही. बाहेरून नेमलेला पाटकरी कोणाच्या शेतात पाणी सोडतो, ते आमच्या गावाने पुढच्याच हंगामात पाहिले.

बोस्टनच्या बंदरात चहा समुद्रात फेकला गेला, त्या रात्रीबद्दल बोलताना लोक फक्त फोडलेल्या पेट्यांबद्दल बोलतात, म्हणून मला इथे थोडे थांबायचे आहे. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या ओल्ड साउथ सभागृहात हजारो माणसे जमली होती आणि ती संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसली होती. जहाज चहासकट परत जाऊ द्यावे, एवढी विनंती घेऊन जहाजमालकाला गव्हर्नर हचिन्सनकडे पाठवले होते. हचिन्सनची दोन मुले त्याच चहाच्या विक्रीसाठी नेमलेली होती. गव्हर्नरने नकार दिला, तो माणूस थंडीत अंधार पडल्यावर परत आला, आणि त्यानंतर त्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. जहाजांवरच्या दुसऱ्या मालाला कोणी हात लावला नाही. एवढा वेळ थांबून, उत्तराची वाट पाहून, मग उठलेली ती माणसे डोळ्यांसमोर आणली की माझा सकाळचा राग निवळतो आणि त्यांच्याबद्दल नुसती माया वाटते.

पण लगेच पुढचा महिना आठवतो. हचिन्सनला परत बोलवावे असा, बोस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सच्या सभेचा अर्ज लंडनला गेला होता. जानेवारी १७७४ मध्ये त्याची सुनावणी झाली, तेव्हा वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून उभ्या असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनला भरसभेत जवळजवळ तासभर शिव्याशाप ऐकवण्यात आले, दरबारी मंडळी हसत राहिली, आणि अर्ज फेटाळला गेला. हा माणूस तोवर साम्राज्य टिकावे म्हणून धडपडत होता! अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा असा अपमान करणाऱ्या राज्याची बाजू कोणी माझ्यासमोर मांडू नये.

त्याच वर्षी बोस्टनचे बंदर बंद करण्यात आले, मॅसॅच्युसेट्सचे निवडलेले सल्लागार मंडळ रद्द करून राजाने नेमलेले मंडळ बसवण्यात आले, आणि वर्षातून एकदाच गावसभा घ्यायची, जास्त घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी काढायची, असा हुकूम निघाला. गावसभेला परवानगी! आपल्यापैकी ज्यांनी ग्रामसभेत घसा कोरडा केला आहे त्यांना यातला संताप कळेल. बोस्टनची उपासमार होऊ नये म्हणून दूरच्या दक्षिण कॅरोलायनातून तांदूळ आला, शेजारच्या कनेटिकटमधून मेंढ्या आल्या, आणि एका शहराची तक्रार सगळ्यांची झाली.

इंग्लंडवर फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाचे प्रचंड कर्ज होते आणि खुद्द इंग्लंडमधले लोक जास्त कर भरत होते, हे खरे आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या अनेकांच्या घरी गुलाम होते आणि मूळ रहिवाशांच्या जमिनींवर त्यांचा डोळा होता, हेही खरे आहे, आणि ते मान्य करताना मला जड जाते. पण म्हणून त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही. त्याच १७७३ साली त्याच पार्लमेंटने त्याच कंपनीच्या बंगालमधल्या कारभारासाठी कायदा केला, तेव्हा तर दुष्काळात होरपळलेल्या बंगालमधल्या कोणालाही काही विचारले नव्हते. अमेरिकेतल्या पत्रकांत बंगालच्या दुष्काळाचा उल्लेख होत होता. ही कंपनी तिथे काय करते, हे त्यांनी ऐकले होते.

बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला एप्रिल १७७५ मध्ये इंग्रज सैन्य आणि वसाहतीचे लोक यांच्यात रक्त सांडले, जूनमध्ये तिथल्याच बंकर हिलची लढाई झाली, आणि तरीही जुलैमध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, राजाला नम्र भाषेत पुन्हा एक अर्ज लिहिला. राजाने तो स्वीकारलाही नाही; ऑगस्टमध्ये त्याने वसाहतींनी बंड केल्याचे जाहीर केले. अण्णांचा शेवटचा अर्जही त्या कार्यालयाने पाकीट न फोडता परत पाठवला होता. ते पाकीट हातात घेतल्यानंतर अण्णा पुन्हा कधी त्या कार्यालयात गेले नाहीत. त्यांनी गावाला चावडीवर बोलावले.

वर्षभरानंतर, जुलै १७७६ मध्ये, वसाहतींनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या २७ तक्रारी जगासमोर मांडल्या. त्यांत करावरची तक्रार एकच आहे आणि तीही बरीच खाली आहे. तिच्या आधी सभा बरखास्त केल्याची तक्रार आहे, न्यायाधीशांच्या पगाराची आहे, लोकप्रतिनिधींनी दमून मान तुकवावी म्हणून त्यांच्या सभा मुद्दाम दूरच्या आणि गैरसोयीच्या ठिकाणी बोलावल्याची आहे. आणि यादी संपल्यावर त्यांनी लिहिले आहे की, प्रत्येक टप्प्यावर आम्ही अत्यंत नम्रपणे अर्ज केले आणि प्रत्येक अर्जाला उत्तर म्हणून नवा अन्यायच मिळाला.