आधी दिशा, मग आंघोळ

सकाळचे साडेदहा वाजलेत, तुम्ही अजून गादीवर आहात आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतोय, "काय करून राहिला रे तिथं?" गांगरू नका. "पडलोय" असं खरं तर मुळीच सांगू नका. छातीवर हात ठेवून म्हणा, "आयुष्याची दिशा शोधून राहिलो." एवढ्या जड शब्दापुढे आईचा झाडू थबकतो. निदान पहिल्या दिवशी तरी थबकतो.

तुम्ही आळशी आहात, हा गावाने करून घेतलेला गैरसमज आहे. समोर काम असून जो करत नाही तो आळशी. तुमच्यासमोर काम येतच नाही. कामाच्या आधी ध्येय लागतं, ध्येयाच्या आधी दिशा लागते आणि दिशेच्या आधी चहा. मी स्वतः १९ वर्षं या क्षेत्रात आहे, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

आपल्याकडे दिशा शोधण्यात एक अडचण आहे. ती आयती मिळते. रावेर-यावलच्या माणसाने अंगणात येऊन मान वर केली की उत्तरेला सातपुडा, आणि दक्षिणेला उताराने चालत गेलं की तापी. आजोबांनी एवढ्या भांडवलावर जन्म काढला. तुमचं तेवढ्यावर भागणार नाही, तुम्हाला आतली दिशा हवी. तापीचं बघून तर अजिबात फसू नका. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात, तशी रीत आहे. पण ही मुलताईहून निघाली ती कुणाला न विचारता पश्चिमेला, आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेपलीकडे समुद्राला मिळाली. मे महिन्यात तिचं पात्र बघितलं की वाटतं, बाई, जरा विचार करायला हवा होता.

विचार करायला भुसावळ स्टेशनाइतकी चांगली जागा नाही. इथून एक रूळ खंडव्याकडे, एक अकोल्यावरून नागपूरकडे, मागे मुंबई, आणि जळगावहून सुरतेचा फाटा. बाकावर बसा. जी गाडी काळजाला भिडेल तिकडे तुमचं भविष्य. मला सगळ्याच भिडल्या, त्यामुळे मी वडा खाऊन घरी आलो. प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तास चालतं, निर्णय लांबला तर दुसरं काढा.

पण या विषयातला आपला खरा आद्यपुरुष बघायचा तर मुक्ताईनगरच्या पुढे तापी-पूर्णेच्या संगमावर जायला हवं. चांगदेव. योगबळाने चौदाशे वर्षं जगले, वाघावर बसून फिरायचे, अशी कथा. ज्ञानेश्वरांची कीर्ती कानावर आली तेव्हा त्यांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावं, तर पोरगं काल-परवाचं. आता तुमच्या-माझ्यासारखा कुणी उथळ माणूस 'सप्रेम नमस्कार' ठोकून पुढे गेला असता. चांगदेवांनी कोरा कागद पाठवला.

भाऊ, हे नीट समजून घ्या. हातात लेखणी, समोर कागद, गाठीशी चौदाशे वर्षांचा अनुभव, आणि सुरुवात कशी करावी हे ठरत नाही म्हणून काहीच लिहिलं नाही. तुमच्या कपाटात 'माझी पाच वर्षांची योजना' असं पहिल्या पानावर लिहिलेल्या ज्या चार डायऱ्या आहेत, त्यांची परंपरा इथून निघते. तो कागद बघून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. बहिणी असंच बोलतात, मनावर घेऊ नका. पुढचं बघा. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचं उत्तर दिलं! एक अक्षर न लिहिता पासष्ट ओव्या. एवढा परतावा कापसालाही नाही. त्यातून मुक्ताईने पुढे त्यांनाच शिष्य करून घेतलं, पण त्याला काम करावं लागत असल्याने तो भाग आपण सोडून देऊ.

काम करत सुटलेल्यांचे काय हाल होतात, ते बघायला अमळनेर आहे. १९१६ मध्ये प्रताप शेटजींच्या आश्रयाने तिथे चांगलं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. जीवनाचा अर्थ काय, यावर बसून विचार करायची अधिकृत सोय, आणि तीही एरंडोल-चोपड्याच्या हाकेवर! साने गुरुजी तिथे दाखलही झाले होते. पण चित्त ठरेना. निघाले ते शाळेत शिकवायला लागले, वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या झाडायला लागले. दिशा सापडायच्या आधीच माणूस झाडू हातात घेतो, याला काय म्हणावं? त्याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. तिला तरी कुठे स्पष्ट ध्येय होतं? आज तूप, उद्या साबण, परवा कॉम्प्युटर. तीच विप्रो. तिचा व्हिजन बोर्ड तेव्हा कुणी नीट करून घेतला असता, तर आजही डबेच भरत बसली असती. मात्र अमळनेरच्या ज्यांनी तिचे शेअर घेतले, ट्रंकेत टाकले आणि विसरले, ते कोट्यधीश झाले. विसरून जाण्याची ताकद मी लोकांना पहिल्यापासून सांगतोय.

शिबिराला जायलाच हवं. नावं सांगत नाही, पण जिल्ह्याच्या गावी दर दोन महिन्यांनी एक असतंच. मी अकरा केली. गेल्या खेपेला वक्त्याने केळीचं उदाहरण दिलं. खोडाभोवती पिलं फुटतात, ती वेळच्या वेळी कापली तरच घड भरतो. तशी तुमची नको ती स्वप्नं कापा. टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते जेवता जेवता म्हणाले, "ते मी तुला आखाजीपासून सांगून राहिलो. खालच्या वावरातली पिलं कापायची राहिली म्हणून." त्यांना रूपक समजत नाही.

वडिलांचा हा प्रश्न सगळ्याच दिशाशोधकांना येतो. या पिढीकडे ध्येय नावाला नाही. पहाटे उठायचं, ठिबकच्या नळ्या बघायच्या, पानावर करपा दिसतो का बघायचं, व्यापाऱ्याशी भावावरून भांडायचं, घड कापायला माणसं आली की ट्रक भरेपर्यंत उभं राहायचं. हे सगळं का करताय, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "केळी पिकते ना." अशा माणसाशी काय चर्चा करणार!

रात्रीचं तंत्र तेवढं सांगतो. शेतीची लाइट पाळीने येते, कधी रात्री साडेबाराला. त्या वेळी तुम्ही मोबाईलवर 'सात दिवसांत ध्येय सापडवा'चा तिसरा भाग बघत जागे असणार. वडील बॅटरी घेऊन खळ्यातून निघतात, खिडकीत उजेड बघून थांबतात आणि म्हणतात, "जागाच आहे तर जाय, मोटार चालू करून ये."

उत्तर देऊ नका. मोबाईल उशीखाली सरकवा, पांघरूण डोक्यावरून घ्या आणि बेताने घोरायला लागा. पाय दक्षिणेला नाहीत ना, तेवढं बघून घ्या.