विहिणीच्या कपाटातला बॅकअप

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी आमच्या घरी आली. बडोद्याच्या कारेलीबागेत तळमजल्यावर राहायचं तर पावसाळ्यात एवढा पाहुणचार गृहीत धरावा लागतो. तिच्याबरोबर मगर आली नाही, एवढ्यावर आम्ही देवापुढे साखर ठेवली. पाणी फाटकाशी दिसताच मी संगणक उचलून वरच्या मजल्यावरच्या भाईंकडे नेला. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, अगदी माउसखालचं पॅडसुद्धा. मग गॅसचं सिलिंडर, तांदळाचा डबा, हिच्या पैठण्या. चौथ्या दिवशी गाळ उपसताना टेबलाचा खालचा खण ओढला, तर आत चिखल, दोन बॉलपेनं आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क. मूळ माल कोरडा ठणठणीत आणि बॅकअप बुडालेला!

डिस्क हलवली की आत पाणी डुबुक वाजायचं. मोबाइल भिजला की तांदळात पुरतात, म्हणून हिने तीही पुरली.

"कोलममध्ये नको हं, रेशनचा घेते," ही म्हणाली.

तीन दिवसांनी तांदूळ कबुतरांनी खाल्ला. डिस्कला मात्र काही फरक पडला नाही.

"पण मूळ आहे ना आपल्याकडे?" मी म्हणालो.

"आज आहे," ही म्हणाली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली की वाक्यं अशी आखूड होतात.

संगणकात काय होतं? अडतीस हजार फोटो. त्यातले निम्मे 'न्यू फोल्डर' आणि त्याच्या अकरा भावंडांत. सोसायटीचा बारा वर्षांचा हिशेब. आणि माझ्या आईने शेवटच्या दिवाळीत म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, ज्यात मधेच कुकरची शिट्टी आहे.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, तीन-दोन-एक! तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर." गुगल फुकटात पंधरा जीबी देतं, पण त्यातच मेल आणि फोटोही आले. आमचा पसारा चारशे जीबीचा. पंधरात मुलीच्या लग्नातलं सीमांतपूजनसुद्धा मावेना. राहता राहिल्या डिस्का. त्या दोन नव्या घेतल्या, तेव्हाच ठरवलं की सॉफ्टवेअरवर आता एक दमडी खर्च करायची नाही. बडोद्यात तीन पिढ्या काढल्या की माणूस विचार मराठीत करतो, पण भाव गुजरातीत विचारतो.

तर फुकट बॅकअप सॉफ्टवेअर. हे स्थळं बघण्यासारखंच निघालं. जे सगळ्यांनी सुचवलं, त्या मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती कंपनीने बंद केलेली; १ जानेवारी २०२४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या, म्हणजे पॅचही नाहीत. म्हणजे मुलगा उत्तम, पण लग्न झालेला. विंडोजमध्ये घरचंच काही असेल म्हणून कंट्रोल पॅनेल उघडलं, तर तिथे 'बॅकअप अँड रिस्टोअर' आणि पुढे कंसात 'विंडोज सेव्हन'. माझं विंडोज दहा! शेजारी फाइल हिस्टरी. ती बिचारी गुणी. दर तासाला बदललेल्या फाइलींच्या प्रती घेते, आणि जुनी आवृत्तीही परत देते. पण ती फाइलींपुरती. उद्या विंडोजच झोपलं, तर त्याला उठवणं तिच्या हातात नाही.

एका स्थळाचं नाव घेत नाही. त्याने तीन तास खपून अख्ख्या संगणकाचा बॅकअप घेतला, वर हिरवी बरोबरची खूण केली. एक फाइल परत काढून बघू म्हणून रिस्टोअरवर टिचकी मारली, तर तिथे छोटंसं कुलूप आणि किल्लीची किंमत. पंगत फुकट, पण पानावरून उठायचे पैसे!

मग अख्ख्या डिस्कची नक्कल करणारं क्लोनझिला पेन ड्राइव्हवरून चालू केलं. निळ्या-राखाडी पडद्यावर अक्षरंच अक्षरं, आणि माउस कामाचा नाही. सोर्स (कुठून) कोणता, टार्गेट (कुठे) कोणतं असं ते विचारतं. उत्तर उलटं दिलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढणार. हो की नाही विचारल्यावर मी संगणकाची वायर काढली आणि चहा टाकला.

तरी उलटं उत्तर मी दिलंच, पण दुसरीकडे. फ्रीफाइलसिंकमध्ये डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे एक, आणि मधे 'मिरर' नावाचा पर्याय. आरसा म्हणजे डावीकडे जे आहे तेच आणि तेवढंच उजवीकडे. डावीकडे नसेल ते उजवीकडून उडवायचं. माझं डावं-उजवं लहानपणापासून कच्चं. मी डावीकडे नवी कोरी डिस्क ठेवली, उजवीकडे अडतीस हजार फोटो. सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने बजावलं, की या दोन फोल्डरांत फारच फरक आहे, नीट बघा. मी चष्मा पुसला. कर्सर 'स्टार्ट'वर होता. त्या क्षणी ही मागे उभी होती, हातात पोह्यांची बशी. तिला काही कळलं नाही, हे मी आजतागायत गृहीत धरून आहे.

शेवटी अख्ख्या संगणकाच्या इमेजसाठी, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रतीसाठी, वीम कंपनीचा फुकट एजंट घेतला. तो एका डिस्कवर रविवारी रात्री आपलं आपण काम करतो. त्याची आधी एक पूर्ण प्रत, मग दर खेपेला फक्त बदल. घराबाहेरच्या डिस्कसाठी डुप्लिकाती. ते उघडतं ब्राउझरमध्ये, चालतं मात्र घरच्याच संगणकावर, आणि २०२५ उजाडेपर्यंत कित्येक वर्षं स्वतःला बीटा, म्हणजे अजून चाचणीतलं, म्हणवत होतं. म्हणजे साखरपुडा झालेला, मुहूर्त काही निघत नव्हता. पण ते सगळं कुलूपबंद करून ठेवतं. पासवर्ड विसरलात तर ब्रह्मदेवही उघडू शकत नाही.

कुलूप हिच्या अटीमुळे. घराबाहेरची प्रत ठेवायची कुठे, तर मांजलपूरला मुलीच्या सासरी. तिसरा मजला, पाणी चढणं अशक्य. "विहीणबाईंच्या घरात आपले सगळे फोटो? त्यात त्यांच्या आहेरावरचा माझा चेहरा आहे!" ही म्हणाली. म्हणून पासवर्ड लावला, हिने तो कॅलेंडरच्या मागे दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहिला, आणि डिस्क विहिणीच्या गोदरेजच्या कपाटात गेली. आता महिन्याला एकदा ती आणायची, बदल चढवायचे, पोचवायची. रिकाम्या हाताने कसं जायचं? दर खेपेला चिवडा. आणि तिकडून रिकामा डबा कसा यायचा? फुकट सॉफ्टवेअरचा खर्च मी दाण्याच्या कुटात मोजतो आहे.

दसऱ्यानंतर डिस्क आणायला गेलो. विहीणबाईंनी कपाटातून काढून दिली, तर तिच्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि वाळलेला झेंडू.

"शस्त्रपूजनाला स्कूटर पुजली, मिक्सर पुजला, म्हटलं व्याह्यांची मशीनपण ठेवू."

यूएसबीचं भोक हळदीने शिगोशीग भरलं होतं. घरी येऊन कानात घालायच्या काडीने मी अर्धा तास ते कोरलं. काडी पिवळी, मी घामाघूम. वायर लावली. निळा दिवा लागला. पासवर्ड घातला, चुकला. कॅलेंडर काढून आणलं, हिचा सात मला एक वाटला होता. मग एकच फाइल परत मागितली. पट्टी सरकली, थांबली, सरकली. आणि खोलीत आईचा आवाज आला, पहिलीच ओवी, मग कुकरची शिट्टी. ही स्वयंपाकघरातून गॅस बंद करायला धावली.

विहीणबाईंना फोन करून सांगितलं, की तुमची पूजा फळाला आली.

"हो ना?" त्या म्हणाल्या. "मग आमच्या संगणकाचंही करून द्या की, व्याही. आमचे सत्तर हजार फोटो आहेत. आणि ते फुकट आहे ना, असं सूनबाई म्हणत होती."