मोबाईल काढून घेतलात, पण त्या जागी काय ठेवलंत?

"पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये असतं" ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. मग एक दिवस मोबाईल कपाटात जातो, वायफायचा पासवर्ड बदलतो. आठवडाभर भांडणं, अबोला, आणि पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे. कारण बऱ्याच मुलांच्या बाबतीत एकटेपणा आधी आलेला असतो, स्क्रीन नंतर.

रात्रीचे साडेबारा. मुलगी अंथरुणात. सगळ्यांचे स्टेटस बघून झाले. वर्गातले सगळे फिरून आलेत, फोटो पडलेत, हिला कुणी विचारलंच नव्हतं. एका मैत्रिणीला 'काय करतेयस?' टाइप करते, थांबते, खोडते. पुन्हा रील्स. शेकडो चेहरे डोळ्यांसमोरून जातात, बोलणं एकाशीही होत नाही. तिच्याच शेजारच्या घरातली मुलगी तेवढाच वेळ मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर असते. स्क्रीन टाइमचा आकडा दोघींचा सारखा, पण एक एकटी आहे आणि दुसरी नाही.

म्हणून आधी ७ दिवस काहीही बंद न करता नुसती नोंद ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनिहाय वेळ मिळतो. त्याचे दोन भाग करा: माणसांशी बोलण्यात गेलेला आणि नुसता बघण्यात गेलेला. रात्री अकरानंतरचा वेळ वेगळा लिहा. कात्री लावायची ती बघण्याच्या वेळेला आणि या रात्रीच्या वेळेला.

सगळी ॲप एकदम उडवणं ही सर्वांत मोठी चूक. भेटायचे बेत ग्रुपवरच ठरतात. ॲप गेलं की आमंत्रणही गेलं. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटांवर आणलं, पूर्ण सोडलं नाही. ३ आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झालेलं दिसलं. मर्यादा लावताना पासकोड मित्राकडे किंवा बहिणीकडे द्या, नाहीतर 'आजच्या दिवस राहू दे' म्हणत बोट आपोआप ती मर्यादा ओलांडतं. नोटिफिकेशन फक्त फोन कॉल आणि थेट आलेल्या मेसेजचं चालू ठेवा. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर, आणि उठायला गजराचं साधं घड्याळ. ते घड्याळ आणलं नाही तर 'अलार्मसाठी लागतो' म्हणून फोन तिसऱ्या रात्री उशाशी परत येतो.

पहिले काही दिवस जड जातात. चिडचिड होते, हात खिशाकडे जातो. त्या रिकाम्या तासांत माणसं आली नाहीत तर सगळी मेहनत वाया जाते, आणि नेमकं याचंच नियोजन कुणी करत नाही.

मैत्रीला तास लागतात. जेफ्री हॉल या संशोधकाच्या अंदाजाप्रमाणे नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला ५० तासांच्या आसपास एकत्र वेळ जातो, जिवलग मैत्रीला २०० च्या वर. आठवड्याला २ तास भेटलात तर ५० तासांना सहा महिने लागतील. रोजचे २ तास रील्स म्हणजे तेच ५० तास २५ दिवसांत संपले. म्हणून दोन-तीन भेटींत 'जमत नाही बुवा' म्हणून सोडू नका, अजून सुरुवातच आहे.

'भेटू कधीतरी' म्हणून कुणीही भेटत नाही. 'शनिवारी सहाला मैदानावर चालायला येतोस का? तासभर' असं विचारा. वार, वेळ, जागा आणि कधी संपणार, हे चारही सांगा. लाजऱ्या माणसाला शेवटचा तपशील फार धीर देतो. नुसत्या गप्पांपेक्षा हाताला काम असलेली भेट सोपी: खेळ, वाद्य, सायकल. बोलणं अडलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. समोरच्याने एकदा नाही म्हटलं तर वार बदलून पुन्हा विचारा.

ज्यांची खरी माणसं ऑनलाइनच आहेत, आजारपणामुळे किंवा आजूबाजूला कुणी समजून घेत नाही म्हणून, त्यांच्या त्या गप्पांना कृपा करून हात लावू नका. तो त्यांचा आधार आहे.

आणि झोप, भूक, अभ्यास सगळंच दोन आठवडे बिघडलेलं असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं असेल तर त्याच दिवशी न्या, आणि तोवर एकटं सोडू नका. ती ७ दिवसांची नोंद आणि झोपेच्या वेळा सोबत ठेवा, डॉक्टरांना त्यातून बरंच कळतं.