शुद्ध हवा फुकटात कशी मिळवावी

सांगलीकरांनो, हवेपायी खिशाला चाट बसू नये म्हणून काही अनुभवाच्या सूचना.

झाड नेहमी दुसऱ्याच्या दारात असावं. सावली तेवढी आपल्या गाडीवर पडावी.

पाला पडला की गोळा करून पेटवावा. धूर वर जातो, म्हणजे शेजाऱ्याकडे.

झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाकडे लक्ष द्या. राज्याच्या शहरी झाडांच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं तोडलेल्या झाडाच्या वयाएवढी रोपं लावायला सांगितलीत. सोपं आहे, झाडाला तरुण करा! विश्रामबागेत आमच्या गल्लीतला कडुनिंब गेल्या आठवड्यात पाडला, दुकानाची पाटी झाकली जात होती म्हणून. दोघांच्या कवेत न मावणारं खोड आणि कागदावर वय आठ वर्षं. आठ रोपं कुठल्याशा माळावर लागली म्हणे, काळ्या पिशव्यांसकट. फोटो झाले, बिल निघालं, आता पाणी कोण घालणार? आणि जगलीच समजा, तर आमच्या गल्लीतली धूळ काय एसटीनं तिकडं जाणार आहे? धूळ रस्त्याकडेच्या पानांवरच बसत होती आणि पावसात धुऊन जात होती. हे काम फुकट चालायचं, म्हणून त्याची किंमत शून्य धरली.

कोस्टारिकाचं मनावर घेऊ नका. तिथं 1997 पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला मोबदला मिळतो, तोही इंधनावरच्या करातून. आपण टाकी फुल्ल करायची आणि फडातल्या पाचटीच्या धुराला शिव्या घालायच्या. पाचटीची कुट्टी करायला शेतकऱ्याला ट्रॅक्टरचं भाडं पडतं, काडेपेटी दोन रुपयांत येते. मधला फरक कोण देणार? माझ्याकडं बघू नका.

एअर प्युरिफायर हप्त्यावर मिळतो.

अरे, पण केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात खराब हवेच्या शहरांच्या यादीत सांगलीचं नाव आहे, ते काय बक्षीस म्हणून? झाडं सगळी धूळ गिळणार नाहीत. उघडे वाळूचे डंपर आणि बांधकामांची धूळ आधी आवरायलाच हवी. पण उभ्या झाडाच्या मालकाला घरपट्टीत घसघशीत सूट द्यायला, आणि ठेकेदाराला रोप लावल्याचे नव्हे, तिसऱ्या वर्षी जिवंत मोजून पैसे द्यायला कुणाचं काय जातं?

आणि तुम्ही! त्याच दुकानापुढं काल सवलतीसाठी रांग लावून उभे होतात ना? पावती घेताना निदान विचारायचं तरी होतं, झाड कुठं गेलं म्हणून.